मामाजींची हाळी

बुधवार, १ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी

हार्डडिस्क गेली. जळका वास अजून खोलीत आहे.

सकाळी सगळं छान होतं. आमच्या फोटो स्टुडिओतली हत्यारं पाटावर मांडली – दोन कॅमेरे, ट्रायपॉड, लाइट, लॅपटॉप. शेजारी शेतातले विळे, खुरपी, फवारणीचा पंप. आत्याबाई एरवी स्टुडिओत पाय ठेवत नाहीत, पण आजच्या दिवशी सासू म्हणून त्यांचंच राज्य. प्रत्येक वस्तूला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि नारळ फोडला की त्याचं पाणी शिंपडायचं. विळ्यावर शिंपडलं, पंपावर शिंपडलं. कॅमेरे आणि लॅपटॉप मी दरवर्षीसारखे वेळीच उचलले. हार्डडिस्क एरवी बॅगेतच असते, ती यंदा बाहेर काढलेली. ती राहिली. आणि तिच्यावर चांगलं ओंजळभर पाणी पडलं, कारण पूजेला ती पहिल्यांदाच आलेली. ‘‘नवं हत्यार हाये, याले जास्त लागते,’’ म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याने, हरिओमने, रुमालाने पुसली. संध्याकाळी लॅपटॉपला लावली. बारीक चर्र झालं. संपलं.

ती बाहेर का काढली होती, हेच तर दुखणं आहे. मामाजींना, माझ्या सासऱ्यांना, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लकवा झाला. पाय चालायला लागला, हात थोडा उचलता येतो, पण बोलणं गेलं. सगळं समजतं, तोंडातून मात्र ‘‘ते ते, ते ते’’ एवढंच निघतं. ज्या माणसाने चाळीस वर्षं आठवडी बाजारात ओरडून भाजी विकली, त्याला पाणी मागता येत नाही. सोमवारी बुलढाण्याला संजीवनी मॅडमकडे नेलं होतं, वाचा परत आणायचे व्यायाम घेतात त्या. म्हणाल्या, जे वर्षानुवर्षं तालात, तेच तेच बोललेलं असतं ते कधी कधी आधी परत येतं. त्यांची भाजीची हाळी कुठे रेकॉर्ड केलेली आहे का? त्यांच्याच आवाजात मिळाली तर फार बरं.

हरिओम तिथेच उडी मारून म्हणाला, ‘‘आहे ना!’’ दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्याने मामाजींचा अख्खा एक बाजार शूट केला होता, यूट्यूबवर टाकायला. मामाजींनी टाकू दिला नाही. ‘‘मी काय तमाशातला हाव?’’ म्हणाले होते. तो बाजार त्या हार्डडिस्कवर. फक्त त्या हार्डडिस्कवर.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटलं. कोणी कोणाशी नीट बोललं नाही.

मामाजींनी डाव्या हाताने मला आपट्याचं पान दिलं आणि ‘‘ते ते’’ म्हणाले. मी पाया पडले. काय म्हणाले असतील ते मला कळलं, दरवर्षी तेच म्हणतात.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

हरिओमने हार्डडिस्क तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. मोबाइल पाण्यात पडला की ठेवतात तशी! मी म्हटलं, जळलेल्या वस्तूला तांदूळ काय करणार? तर म्हणतो, ‘‘असू दे, नुकसान तर नाही ना.’’ हा माणूस ढोबळी मिरचीसुद्धा पाकीट वाचून लावतो, आणि यंत्राच्या बाबतीत मात्र तांदूळ.

बाकीचे सगळे लग्नांचे व्हिडिओ गिऱ्हाइकांना देऊन झाले होते, हे एक नशीब. पण ते जाऊ दे. आत्याबाई कालपासून जेवल्या नाहीत. मी ताट वाढून नेलं तर म्हणाल्या, ‘‘म्या त्याह्यचा आवाज पाण्यात घातला, रुपाली.’’ राग आला होता मला परवा, खोटं कशाला लिहू. आज तो त्यांच्या तोंडाकडे बघून उतरला. चाळीस वर्षं ज्या बाईने खुरप्याची पूजा केली तिला हार्डडिस्कला काय चालत नाही हे कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं का? नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

बुलढाण्याला गेले. डिस्क तांदळातून काढली, रुमालात गुंडाळली, टिफिनमध्ये घातली. राजूर घाटात एसटी इतकी वळली की मी टिफिन दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसले. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘पातळ भाजी हाये काय?’’ मी ‘‘हाव’’ म्हटलं.

मोताळ्याच्या एका कॉम्प्युटरवाल्याने आधी फोनवर सांगितलं होतं, ‘‘आणा, फॉरमॅट मारून देतो.’’ बरं झालं त्याला विचारायची बुद्धी झाली, म्हणजे त्याच्याकडे कधीच जायचं नाही हे कळलं.

संजीवनी मॅडमनीच डिंपल मॅडमचं नाव दिलं. बसस्टँडच्या मागे जिन्यावर दुकान. माझ्याच वयाची बाई, समोर शेंगदाण्यांची ताटली, आणि बोलणं थांबतच नाही. डिस्क हातात घेतली आणि वायर लावायच्या भोकात बघून विचारलं, ‘‘कुंकू?’’

मी मान खाली घातली.

‘‘ताई, लाजू नका. दसऱ्यानंतर माझ्याकडे अशी रांग असते. मागच्या वर्षी एकाने इन्व्हर्टरवर पंचामृत घातलं होतं. दिवाळीनंतर मग उंदरांचा सीझन.’’ मग हात पुसले, चष्मा लावला आणि गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

आतलं हिरवं बोर्ड जळलंय म्हणाली. तसल्याच दुसऱ्या डिस्कचं बोर्ड शोधावं लागेल, अगदी त्याच नंबरचं. आणि जुन्या बोर्डावर तिळाएवढी चिप असते, तिच्यात या डिस्कची खूणगाठ असते. ती उचलून नव्यावर बसवायची. चिप जळली नसेल तर. ‘‘वचन देत नाही. घरी कोणी काही लावून बघू नका, एवढंच वचन तुम्ही द्या.’’

दिलं.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

बोर्ड मिळालेलं नाही.

मामाजींना संजीवनी मॅडमचे व्यायाम करून घेतले. ‘‘पाणी म्हणा.’’ – ‘‘ते ते.’’ ‘‘आई म्हणा.’’ – ‘‘ते ते.’’ तिसऱ्या शब्दाला त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला रडू आलं म्हणून मी चहा करायला गेले आणि चहात दोनदा साखर घातली. त्यांनी तो पूर्ण प्यायला. माझा मान राखला बहुतेक.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आत्याबाईंनी आज देवाजवळ दिवा लावला नाही. मलाच लावायला सांगितला. ‘‘माया हातचं नोको,’’ म्हणाल्या. हरिओम हसण्यावारी न्यायला गेला, ‘‘अवं माय, वाय-फायचीपण पूजा कर,’’ म्हणाला, तर त्या उठून वांग्यांच्या वाफ्यात गेल्या आणि दिवस मावळेपर्यंत आल्या नाहीत. मी हरिओमला चांगलं सुनावलं. मग त्यानेही तिकडे जाऊन त्यांच्याबरोबर खुरपलं. मायलेक एकाच वाफ्यात खुरपत होते. बांधावर मामाजी खुर्चीत, काठीने न खुरपलेलं गवत दाखवत होते. तेवढं मात्र त्यांना बरोबर जमतं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

फोन! अकोल्यातून जुनी डिस्क मिळाली, तोच नंबर. बोर्ड बसवलं, चिप उचलून लावली, डिस्क फिरली. पण फिरताना आवाज करतेय – टक्, टक्. डिंपल मॅडमने विचारलं, ‘‘हा आवाज आधीपासून होता का?’’

होता. उन्हाळ्यातल्या लग्नांपासून होता. मी हरिओमला म्हटलंही होतं. तो म्हणाला होता, ‘‘पंखापण वाजते, म्हणून काय झोपत नाही का आपण?’’

‘‘मग उद्या या,’’ ती म्हणाली. ‘‘फोनवर सांगायचं नाही हे.’’



शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सगळं शब्दन्शब्द लिहून ठेवते, विसरायला नको.

डिंपल मॅडम म्हणाली, डिस्कच्या आत एक बारीक हात असतो, तो चकतीवर न टेकता वाचतो. या डिस्कचा तो हात आधीच निकामी होत आला होता. टक् टक् म्हणजे तेच. मग तिने मला विचारलं, ‘‘त्या संध्याकाळी डिस्क चालली असती तर तुम्ही काय केलं असतं?’’

मी म्हटलं, मामाजींचा व्हिडिओ शोधला असता. आणि रात्रभर नवरात्रीचं सगळं शूटिंग तिच्यात कॉपीला लावलं असतं. हरिओमने तसं ठरवलंच होतं.

‘‘तर तो हात चकतीवर टेकला असता आणि सकाळपर्यंत सगळं खरवडून काढलं असतं. मग मी काय, कोणीच काही करू शकलं नसतं. पाण्याने बोर्ड जळलं म्हणून चकती फिरलीच नाही. आता मी तिला हळूहळू, थांबत थांबत वाचतेय, तुमचा तो बाजार आधी, बाकीचं नंतर.’’ आणि शेंगदाणे तोंडात टाकत म्हणाली, ‘‘ज्यांनी पाणी शिंपडलं त्यांना माझा नमस्कार सांगा.’’

मी तिथेच रडले. तिने ताटली पुढे केली. रडताना शेंगदाणे खाल्ले मी आज.

घरी आले तेव्हा आत्याबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. बोर्ड, चिप, हात, चकती. त्या ऐकत राहिल्या. जुडी बांधायचं थांबवलं नाही. मग विचारलं, ‘‘म्हंजे म्या पानी टाकलं म्हनून वाचलं?’’

‘‘हो आत्याबाई.’’

‘‘त्या बाईनं मायं मन राखाले सांगितलं असन.’’

‘‘नाही. ती कोणाचं मन राखणारी नाही. हरिओमला तिने फोनवर गाढव म्हटलं.’’

यावर त्यांनी जुडी खाली ठेवली. पदराने डोळे पुसले. संध्याकाळी देवाजवळचा दिवा त्यांनी लावला. मी काडीपेटी दिली. देवा, तुझे आभार. डिंपल मॅडमचे आभार. त्या जळक्या बोर्डाचेसुद्धा आभार.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

आज पाटावर कॅमेरे होते, लॅपटॉप होता. आत्याबाईंनी सगळ्यांना लांबूनच अक्षता वाहिल्या आणि मला विचारलं, ‘‘तांदूळ चालते ना?’’

हरिओम म्हणाला, ‘‘तांदूळ तर लय चालते.’’ पहिल्यांदा सगळे हसलो. मामाजीही. हसणं त्यांचं अगदी पूर्वीचंच आहे. ते कुठे गेलंच नव्हतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

बाजार मिळाला!!

डिंपल मॅडमने नव्या डिस्कवर भरून दिला. काही ठिकाणी चित्र फाटतं, हिरव्या रेघा येतात, पण आवाज अखंड आहे. तिच्या दुकानातच हेडफोन लावून ऐकला. बाजाराचा कल्ला, कुठेतरी एसटीचा हॉर्न, आणि मग –

‘‘ये वं माय, ये वं ताई, वांगे आले वांगे! काटा बारीक, गर जास्ती, भरताले या वांगे!’’

मी ही हाळी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकलेली, कधी लक्ष देऊन ऐकली नव्हती. ‘माय’वर आवाज वर चढतो आणि ‘वांगे’वर अलगद खाली येतो.

पण मी लिहायला बसले ते वेगळंच सांगायला. हरिओमने त्या दिवशी कॅमेरा समोरच्या हॉटेलच्या ओट्यावर लावून ठेवला होता आणि स्वतः चहा पीत, गप्पा मारत फिरत होता. म्हणून हे कोणी बघितलंच नव्हतं. सकाळची वेळ. दुकानाशी गिऱ्हाईक नाही. मामाजी ओरडतायत. तेवढ्यात डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई पिशवी घेऊन येते.

‘‘काऊन हो भाऊ, वांगे कसे देल्ले?’’

मामाजी भाव सांगतात. बाई तोंड वाकडं करते. ‘‘लय महाग सांगता तुमी! तिकडं स्वस्त भेटून राह्यले.’’ आणि तरातरा निघते. मागून मामाजी, ‘‘ओ बाई, कुठी चालल्या? या ना मांगं!’’ बाई वळते. पुन्हा घासाघीस. तोवर आणखी दोघी थांबतात, मग चौघी. बाई मोठ्याने म्हणते, ‘‘वांगे बाकी चांगले हायेत हो,’’ पिशवी भरते आणि जाते. जाताना पदर सरकतो.

आत्याबाई!

स्वतःच्या नवऱ्याला ‘भाऊ’ म्हणत होत्या! मी दुकानात एकटीच हसत बसले. डिंपल मॅडमने हेडफोन ओढून घेतला आणि तिनेही दोनदा बघितलं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आत्याबाईंना विचारलं. आधी ‘‘मी नोहोच ते’’ म्हणाल्या. व्हिडिओ दाखवला. मग तोंडाला पदर लावून हसत सुटल्या, थांबेचनात.

‘‘रिकाम्या दुकानाशी कोनी थांबत नाही वं. एक जन भांडून राह्यला का मंग सगळे पाहाले येतात. पह्यलं गिऱ्हाईक मीच राहो. मंग मांगच्या बोळीतून फिरून येवो आन् वांगे परत ढिगात टाको.’’

‘‘पण भाऊ?’’

‘‘बाजारात कोनी कोनाचं नवरा-बायको नसते.’’

दर वेळी हेच शब्द असायचे का, विचारलं. तर म्हणाल्या, ‘‘तेच ठरलेलं होतं. मी निंघो, ते बलावत. चाळीस वर्सं तेच.’’ कोणाला कळलं नाही कधी? ‘‘अर्ध्या बाजाराले मालूम होतं. तरी थांबत. नाटक पाहाले.’’

हरिओम तोंड उघडं टाकून ऐकत होता. बिचारा. त्याच वांग्यांवर वाढला, त्यालाच माहीत नाही.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

मामाजींना हाळी ऐकवली. मोबाइलवर, फक्त आवाज, संजीवनी मॅडमनी सांगितलं तसं – आधी ऐकवा, म्हणायला लावू नका.

डोळे मिटून ऐकली. संपल्यावर बोटाने खूण केली, परत. परत लावली. पाचव्या-सहाव्या वेळी त्यांच्या गालावरून पाणी आलं. आत्याबाईंनी आपल्या पदराने पुसलं. मी आणि हरिओम बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज चालीवर ‘‘ते ते’’ म्हणाले. शब्द तेच, पण ‘ये वं माय’च्या चालीत! वर चढले आणि बरोबर खाली आले. मी लगेच संजीवनी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘‘चांगलं आहे. पण फार आशा लावू नका, आणि त्यांना फार ताणू नका.’’ आशा काय लावून लागते?

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज मोबाइल ढकलून दिला. खाली पडला, काच तडकली. ऐकायचंच नाही म्हणतात, म्हणजे हाताने म्हणतात. स्वतःचा तो खणखणीत आवाज रोज ऐकून आणि स्वतःचं ‘‘ते ते’’ ऐकून कोणालाही राग येईल. मला आधी कळायला हवं होतं. हरिओमही चिडला, ‘‘एवढं करून हे!’’ म्हणाला आणि शूटिंगला निघून गेला.

आत्याबाईंनी काचेचे तुकडे उचलले. मला म्हणाल्या, ‘‘आता बंद कर ते. एकट्यानं कोनी बाजार करते काय?’’ मला वाटलं, त्या थकल्या. मी मोबाइल कपाटात ठेवून दिला.

तरी आज झोपण्याआधी हे लिहावंसं वाटतं – आवाज आपल्याकडे आहे. पुढे काही झालं नाही तरी तो आहे. त्याबद्दल माझी कोणाकडे तक्रार नाही. मामाजी रोज बांधावर बसतात, जेवतात, हसतात. पुष्कळ घरी एवढंही नसतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

भरताची पहिली वांगी निघाली. हरिओम मोताळ्याला विकून आला. न ओरडता विकली म्हणे. ‘‘मले लाज वाटते ओरडाले.’’ अर्धी परत आणली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी आत्याबाई उरलेल्या वांग्यांची टोपली घेऊन आल्या आणि मामाजींच्या खाटेपुढे ठेवली. आत गेल्या. डोक्यावरून पदर ओढून, हातात पिशवी घेऊन पुन्हा बाहेर आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

‘‘काऊन हो भाऊ, वांगे कसे देल्ले?’’

मामाजी बघत राहिले. ओठ हलले, काही निघालं नाही. आत्याबाई थांबल्या. मग तोंड वाकडं करून म्हणाल्या, ‘‘लय महाग सांगता तुमी,’’ आणि वळून चालू लागल्या. खरंच चालू लागल्या. उंबऱ्यापर्यंत गेल्या.

‘‘ओ बाई – कुठी चालल्या? या ना मांगं.’’

रेकॉर्डिंग वाजतंय की काय म्हणून मी कपाटाकडे धावले. मोबाइल बंदच होता.